बाटलीवर वाढवलेला खोंड अंगावर येतो तेव्हा

पत्र: "मोहोळ तालुक्यातल्या एका वस्तीवरून लिहितेय. 2022 च्या लम्पीत आमची खिल्लार गाय गेली, मागं वीस दिवसांचं वासरू राहिलं. मी आणि सासऱ्यांनी त्याला बाटलीनं दूध पाजून जगवलं. राजा नाव ठेवलं. अंगणातच वाढला, पोरांबरोबर खेळला. आता तीन वर्षं उलटून गेली, दांडगा खोंड झालाय. उन्हाळ्यात त्यानं सासऱ्यांना ढुशी देऊन पाडलं, तेव्हा आम्ही हसण्यावारी नेलं. गेल्या पंधरवड्यात मालकांना गव्हाणीला दाबलं, दोन बरगड्या मोडल्या. सासरे म्हणतात, 'त्याच्या हातात काठी होती म्हणून मारलं, लेकरासारखं वाढवलंय, ते काय मारतंय व्हय?' घरात दोन शाळकरी पोरं आहेत. कुणी म्हणतं बाजारात काढा, कुणी म्हणतं खच्ची करा, कुणी म्हणतं देवाच्या नावानं सोडून द्या. एक व्यापारी रात्रीचा टेम्पो घेऊन यायला तयार आहे, रोख देतो म्हणतो. आमचाही जीव वाचावा आणि त्याचाही जाऊ नये, असं काही आहे का?"

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा घाईनं, कारण मला एकच गोष्ट शोधायची होती: तो आत्ता कुठं बांधलाय आणि त्याला वैरण कोण टाकतंय. ते तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी आज संध्याकाळचं सांगतो.

आजपासून त्याच्या दाव्याच्या आत कुणीही एकटं जायचं नाही. सासरेही नाहीत. वैरण गव्हाणीच्या बाहेरच्या बाजूनं टाका, पाणी पाइपानं बाहेरूनच टाकीत सोडा. शेण चार दिवस साचलं तर साचू द्या. दावं एकच असेल तर दुसरं घाला, एक गळ्याला आणि एक म्होरकीला, म्हणजे तोंडाभोवती बांधलेल्या दोरीला. सुती किंवा झिजलेला नायलॉन दोर असेल तर साखळी आणा. खुंटा हलवून बघा, सैल असेल तर त्याला खोल पुरलेल्या खांबाला किंवा जाड लिंबाला बांधा. पोरांची शाळेची वाट गोठ्याकडून जात असेल तर ती बदला. आणि मालकांनी पोटात दुखतंय, चक्कर येतेय, लघवी लाल होतेय असं काही सांगितलं तर तासभरही थांबू नका, 108 ला फोन करा. बैलानं दाबलं की बरगड्या दिसतात, आतला रक्तस्राव दिसत नाही. कातडी फाटली असेल तर धनुर्वाताची सुई घेतली का, तेही विचारा.

आता मुद्द्याचं. राजाला घरातून जावंच लागेल. मी गुळगुळीत बोलणार नाही. ज्या वळूनं एकदा माणसाला खाली घेतलं, तो पुन्हा घेतो. तुमच्याकडं दोनदा झालंय, आणि दुसरी वेळ पहिलीपेक्षा जोराची होती. तिसऱ्या वेळी बरगड्यांवर भागेल, असं गृहीत धरून मी तुम्हाला सल्ला देऊ शकत नाही.

सासऱ्यांचं म्हणणं मी समजू शकतो, कारण हेच वाक्य मी गोठ्यागोठ्यातून ऐकलंय. पण गोष्ट नेमकी उलटी आहे. लेकरासारखा वाढवला म्हणूनच तो धोक्याचा झालाय. खिल्लार जात मुळात तापट आणि बुजरी. रानात वाढलेला खिल्लार खोंड परका माणूस दिसला की मान वर करून चार पावलं मागं सरकतो. त्याला माणसाची भीती असते, आणि ती भीतीच त्याच्या आणि आपल्यामधलं कुंपण असतं. जे वासरू कळपाबाहेर, एकटं, माणसाच्या हातावर वाढतं, त्याला आपण गुरं आहोत हेच नीट कळत नाही. त्याच्या लेखी तुम्हीच त्याचा कळप. लहानपणी पोरांच्या पोटाला डोकं लावून ढकलायचा, सगळे कौतुक करायचे, कपाळ खाजवायचे. तोच खेळ दीड-दोन वर्षांचा झाल्यावर खेळ राहत नाही. कळपात वळू दुसऱ्या वळूशी जसा जोर लावतो, तसा तो घरातल्या पुरुषाशी लावतो. तुमच्या मालकांच्या हातात काठी नसती तरी हेच झालं असतं. त्याला वाईट वळण लागलं असंही मी म्हणणार नाही. तो वळूसारखाच वागतोय, फक्त समोर माणूस आहे.

नोकरीच्या पहिल्या वर्षांतली एक सकाळ मला अजून जशीच्या तशी आठवते. सांगोल्याच्या बाजूला एका वस्तीवर जनावर तपासायला गेलो होतो. पोहोचलो तेव्हा अंगणात माणसं गोळा झालेली. त्या घरातल्या आजोबांनी स्वतः वाढवलेल्या वळूला पाणी दाखवलं आणि नळ बंद करायला पाठ फिरवली, एवढंच झालं होतं. टाकीच्या कडेला सिमेंटचा टवका उडालेला होता आणि पाण्यावर त्यांची एक चप्पल तरंगत होती. वळू बाजूला उभा राहून शांतपणे कडबा खात होता. घरातला प्रत्येक जण मला तेच सांगत होता, "आजवर कधी काही केलं नव्हतं त्यानं." नंतर धाकट्या सुनेनं हळूच सांगितलं, दिवाळीत त्यानं एकदा आजोबांना पाडलं होतं. तुमच्या पत्रातलं उन्हाळ्याचं वाक्य वाचलं आणि मला ती चप्पल आठवली.

म्हणून त्याच्या खुणा घरातल्या सगळ्यांना पाठ असू द्या, पोरांनासुद्धा. तो समोरून येण्याआधी बहुतेक वेळा आडवा उभा राहतो, आपलं अख्खं अंग दाखवतो. पाठ कमानीसारखी, मान खाली, वशिंडावरचे केस उभे, डोळे बटबटीत. पुढच्या खुरानं माती उकरून अंगावर घेतो, घशातून डुरकी फोडतो. हे दिसलं की ओरडायचं नाही, मारायचं नाही, पाठ फिरवून पळायचं नाही. त्याच्याकडं तोंड ठेवून तिरकं तिरकं मागं सरकायचं आणि एखाद्या आडोशाआड जायचं. अंगावर आलाच तर हातातली पाटी, टॉवेल, टोपी, जे असेल ते बाजूला फेकायचं. एखादा क्षण तो तिकडं वळतो, तेवढ्यात निसटायचं. खाली पडलात तर लोळत गव्हाणीखाली किंवा भिंतीच्या बाहेर जायचं, उठून उभं राहायचा प्रयत्न तिथंच करायचा नाही.

दुसरं काही ठरवण्याआधी एकदा पशुवैद्यक बोलवा. 1962 हा टोल फ्री नंबर लावला तर फिरतं पथक दारात येतं. त्यांना आधी एवढंच विचारायचं, की याला काही दुखतंय का. डोळ्यात फूल पडलंय, खूर सडलाय, पोटात तार गेलीय, शिंगाच्या मुळाशी कर्करोग सुरू झालाय, अशी जनावरंही मारकी होतात. शिंग एकीकडं झुकलेलं, सारखं डोकं झटकतोय, नाकपुडीतून रक्त, हे दिसलं तर जरूर सांगा. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. स्वभाव अचानक, दोन-चार दिवसांत पालटला असेल, तोंडातून लाळ गळत असेल, आवाज घोगरा झाला असेल, पाणी गिळता येत नसेल, किंवा मागच्या काही महिन्यांत कुत्रं चावलं असेल, तर रेबीजची शंका धरायची. घशात काही अडकलंय म्हणून तोंडात हात घालायचा नाही. लाळ लागलेल्या प्रत्येकानं साबणानं धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तुमच्या राजाचं तसं दिसत नाही, त्याचा स्वभाव हळूहळू बदललाय. पण बघून घेतलेलं बरं.

आता तुम्हाला मिळालेले सल्ले.

देवाच्या नावानं सोडणं हा सगळ्यात वाईट. कळपाची सवय नसलेला, माणसाला न भिणारा खोंड मोकळा सुटला की तो जंगलात जात नाही, तो माणसांकडं येतो. उसात काम करणारी बाई, शाळेतून येणारं पोर, रात्रीचा मोटारसायकलवाला, कुणावर जाईल ते सांगता येत नाही. आपल्या जनावरामुळं माणसाच्या जिवाला धोका असताना पुरेशी काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 प्रमाणं गुन्हा आहे. पण कायदा राहू द्या, तुमचं संकट न सांगता दुसऱ्याच्या दारात सोडायचं, हे तुमच्या मनालाही पटणार नाही. नाहीतर तुम्ही हे पत्र लिहिलंच नसतं.

रात्रीच्या टेम्पोवाल्याला नाही म्हणा, आजच. महाराष्ट्रात 2015 पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यासाठी विकणं, विकत घेणं, राज्याबाहेर नेणं, सगळंच त्यात येतं. पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. जो माणूस रात्री येतो, पावती नको म्हणतो, कानातला ओळखीचा बिल्ला नको म्हणतो, तो जनावर कुठं नेणार हे विचारायची गरज नसते. पकडला गेला तर नाव तुमचं सांगेल.

बाजाराचा मोह मला कळतो. सांगोल्याचा रविवारचा बाजार खिल्लारासाठी नावाजलेला, कार्तिकीला पंढरपूरजवळच्या वाखरीत, जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेला सोलापुरात बाजार भरतो. देखणा खोंड असेल तर सासऱ्यांच्या डोळ्यांपुढं मोठा आकडा असणार. तरीही मी म्हणेन, याला बाजारात नेऊ नका. अंगणात एकटा वाढलेला, इतर गुरांत कधी न मिसळलेला खोंड हजार जनावरांच्या आणि माणसांच्या गर्दीत उभा करणं म्हणजे आगीत तेल. शर्यतवाल्यांना द्यायचंही तेच. सर्वोच्च न्यायालयानं 2023 च्या मे महिन्यात बैलगाडा शर्यतींना परवानगी देणारा कायदा कायम केला, त्यामुळं तापट खोंडाला गिऱ्हाईक मिळेल. पण पळण्याचा ताप वेगळा आणि माणसावर जाण्याचा वेगळा. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी असतात.

खच्ची करणं हा त्यातला कामाचा सल्ला, पण त्याच्याकडून जेवढं मिळतं तेवढंच मागा. डॉक्टर बर्डिझो चिमट्यानं कातडी न फाडता अंडाकडं जाणारी शीर दाबतात. भूल देऊनच करून घ्यायचं, दगडानं ठेचणाऱ्या माणसाला दारात उभं करू नका, ते क्रूर आहे आणि बेकायदाही. खच्ची केल्यावर अंगातला नराचा जोर उतरतो, पण राग निवळायला आठवडे, कधी महिने लागतात. आणि माणसाला ढकललं की माणूस पळतो, हे जे तो शिकलाय ते चिमट्यानं जात नाही. वर्षाच्या आत केलं असतं तर गोष्ट वेगळी होती. आता खच्ची केला म्हणून त्याला घरात ठेवायचं, हे माझ्या सल्ल्यात बसत नाही. ज्याच्याकडं जाईल त्याला तो कमी त्रास देईल, म्हणून करायचं. शिवाय स्वभाव काही अंशी रक्तातून उतरतो. या खोंडाची पैदास करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे, मग तो कितीही देखणा असो.

तर मार्ग दोनच उरतात. एक, मोठी दावण असलेला, मारकी जनावरं हाताळलेला, घरात लहान पोरं नसलेला जाणता शेतकरी. दुसरा, गोशाळा. गोशाळेला फोनवर होकार घेऊन गाडी पाठवू नका. स्वतः जाऊन या, सासऱ्यांना बरोबर न्या. वळूसाठी पाइपांचा वेगळा कप्पा आहे का, जनावर आवळून धरायचा खोडा आहे का, रोज हाताळणारी माणसं किती, हे बघा. रविवारी लोक पोरांना घेऊन गुरांना गूळ-चपाती भरवायला येतात तिथं हा कुठं बांधणार, हेही विचारा. खोडा नाही आणि सगळी गुरं एकाच पत्र्याखाली आहेत, अशा जागी देऊ नका. चांगली जागा मिळाली तर वर्षाच्या कडब्याचा भार उचलण्याची तयारी ठेवा. तुम्ही पैसे मिळवायला निघालेला नाही, सुटका करून घ्यायला निघालाय. थोडी पदरमोड होईल, होऊ द्या.

आणि घेणाऱ्याला सगळं सांगायचं. फक्त तोंडी सांगून थांबायचं नाही, कागदावर लिहायचं: "हा खोंड मारका आहे, त्यानं दोन वेळा माणसाला मारलं आहे, हे सांगून दिला." तारीख, दोन साक्षीदार, दोघांच्या सह्या. भाव निम्म्यावर येईल, कदाचित फुकटच द्यावा लागेल. पण त्या कागदामुळं त्याचा नवा धनी पहिल्याच दिवशी सावध राहील. मारकं जनावर "गरीब आहे हो" म्हणून विकणारे मी पाहिलेत, आणि घेऊन गेलेल्याच्या घरी काय झालं तेही पाहिलंय. कानात बारा आकडी पिवळा बिल्ला नसेल तर दवाखान्यातून मारून घ्या. त्याशिवाय राज्यात 2024 च्या जूनपासून जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. दिल्यावर नोंद नव्या धन्याच्या नावावर झाली का, ते विचारून खात्री करा.

खच्ची आधी की पाठवणी आधी? घरी बोअरच्या जुन्या पाइपांचा भक्कम कप्पा करता येत असेल, बाहेरूनच वैरण-पाणी होत असेल, तर महिनाभर ठेवून, सूज उतरू देऊन मग पाठवा. कप्प्याला एका कोपऱ्यात सव्वा फुटाची फट ठेवा, माणूस आडवा होऊन निघेल पण खोंड निघणार नाही अशी. हे जमणार नसेल तर आधी पाठवा, खच्ची तिकडं करतील. घरात दाव्यावर असा खोंड आणि आजारी मालक, हे महिनाभर मला नको वाटतं.

गाडी भरायच्या दिवसाबद्दल सविस्तर लिहितो, कारण बहुतेक माणसं त्याच दिवशी मार खातात. दिवस उजाडताना, उन्हाच्या आधी भरा. आदल्या रात्री पोटभर चारू नका. गाडी उंच बांधाला किंवा मातीच्या उतरणीला मागून लावा, म्हणजे त्याला उडी मारावी लागणार नाही. गाडीच्या तळाला पाचट किंवा वाळू पसरा, पाय घसरला की जनावर बिथरतं. आधी घरची गरीब गाय आत चढवा, तिच्या मागं तो जाईल. गाडी तेवढी मोठी घ्या आणि दोघांच्या मध्ये आडवा बांबू बांधा. गाय त्याच गाडीतून परत आणा, तिचाही बिल्ला आणि कागद बरोबर असू द्या. म्होरकीला दोन लांब कासरे, एक उजवीकडं, एक डावीकडं, आणि दोन्ही कासऱ्यांचे वेढे झाडाला किंवा खांबाला देत देत ढील द्यायची. हाताच्या मनगटाला कासरा गुंडाळलेला मला चालणार नाही, किती जणांचे हात गेलेत असे. वेसणीचा दोर गाडीला बांधायचा नाही, एक गचका बसला तर नाक फाटतं. गळ्याला आणि म्होरकीला बांधा, मान खाली-वर हलेल पण फिरणार नाही इतकं आखूड. शिंगांच्या टोकांना पितळी शेंब्या असतील तर त्या दिवशी घाला, घाव तरी बोथट होतो. शांत करायची सुई डॉक्टरांनीच द्यायची आणि ते तिथं थांबतील तरच. झोकांड्या खाणारं जनावर गाडीत पडलं की गुदमरतं. वाहतुकीसाठी डॉक्टरांचा दाखला लागतो, तो आदल्या दिवशीच घेऊन ठेवा. माणसं चारच, पण जाणती. बघे नकोत, मोबाइलवर शूटिंग नको, कुत्री बांधून ठेवा.

आता सासरे. ताई, तुमच्या घरातलं खरं अवघड काम हेच आहे. त्यांनी पहाटे उठून त्या वासराला दूध पाजलंय, बेंदराला पुरणपोळी भरवलीय. "तुम्हीच लाडानं बिघडवला" हे वाक्य घरात कुणाच्या तोंडून निघू देऊ नका. आईविना वासरू जगवणं हे मोठं काम होतं, आणि ते तुम्ही दोघांनी केलं. त्यांना सांगा, की राजा कुठं जाणार ते तुम्ही ठरवायचं, जागा तुम्ही पसंत करायची. त्यांनी नापसंत केलेल्या जागी पाठवू नका. पण जायचं की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढं ठेवू नका, तो बरगड्या मोडल्या त्या दिवशीच सुटलाय. आणि निघायच्या दिवशी कपाळ खाजवायला ते पुढं झाले तर त्यांना थांबवा. गूळ द्यायचा असेल तर गव्हाणीच्या बाहेरून द्यायला सांगा.

पुढं कधी असं पोरकं वासरू हाती आलं, तर शक्यतो दुसऱ्या गाईला लावा. नाही जमलं तर बाटलीनं पाजा, पण पाजून झालं की इतर वासरांत सोडा. डोकं लावून ढकललं तर हसू नका, बाजूला व्हा. खोंड असेल तर वर्षाच्या आत खच्ची करून घ्या. गाई माजावर आल्या तर वळूची गरज नाही, दवाखान्यात खिल्लारच्या रेतनाची चौकशी करा.

गाडीचा दिवस ठरला की पोरांना आदल्या संध्याकाळी मामाकडं पोहोचवा आणि परत आणायची घाई करू नका. राजा नव्या जागी पाइपांच्या आत उभा राहिल्याचा निरोप आला, की मग त्यांना घरी घेऊन या.